फोटोपुरतं पाणी

वाळूजला मी ज्या कारखान्यात आहे, तिथं माझं काम नापास करण्याचं आहे. पट्ट्यावरून पार्ट येतात, मी ते हातात घेते, मापात बसले तर हिरव्या ट्रेमध्ये टाकते, नाही बसले तर लाल. सतरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे माझ्या स्वभावातला लाल ट्रे जरा जास्तच मोठा झालाय, असं नवऱ्याचं मत आहे. पडेगावात आमच्या गल्लीतल्या बायका मला नवी साडी दाखवायला येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जी लबाडी येणार आहे ती माझ्याच डोक्यातून निघाली होती.

आमचं गाव करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत. तिथं आता आईवडील दोघंच असतात. घर गावात आणि शेत वीस मिनिटांच्या वाटेवर, मधे एक ओढा. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आण्णा, म्हणजे माझे वडील, बारा-एकला उठायचे, बॅटरी आणि काठी घ्यायचे आणि मोटर लावायला निघायचे. रात्रपाळी आम्हालाही असते. पण आम्हाला न्यायला बस येते, आणि साठी आली की हार घालून घरी पाठवतात. आण्णा सत्तरीला टेकले तरी त्यांना कुणी हार घालेना. तीन हिवाळ्यांपूर्वी ते ओढ्यात घसरून पडले, मनगट मोडलं, आणि पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला सापडले. तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला होता. ह्यांचं रातचं जाणं बंद झालं पाहिजे.

सौर पंपाची योजना तिला गावातच कुणीतरी सांगितली. मोटर उन्हावर चालते, म्हणजे दिवसाच चालते, रात्री चालवायची म्हटली तरी चालत नाही. यातलं शेवटचं तिला फार आवडलं.

"रातचं चालतच नाय म्हणतीस?" तिनं फोनवर विचारलं.

"नाही चालत."

"ह्यांनी लई जोर केला तरी?"

"तरी नाही."

"मग भर फॉर्म."

फॉर्म मी कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर भरला. भरताना एक गंमत निघाली. विहीर ज्या दोन एकरांत आहे, तो तुकडा सातबाऱ्यावर आईच्या नावावर होता. काही वर्षांपूर्वी गावात शिबिर लागलं होतं, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. आण्णांनी चार लोकांसमोर मोठ्या तोऱ्यात नाव लावलं होतं आणि नंतर सोयीनं विसरून गेले होते. आता लाभार्थी म्हणून आईचं नाव आल्यावर त्यांना ते आठवलं.

"इहीर माझ्या बापानं खांदली, मोटर जिंदगीभर मी लावली, आन पंप हिचा?"

"रातचं जायला तुमचं नाव हुतं," आई म्हणाली, "दिवसा चालवायला माझं आसू द्या."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. अर्ज कधी 'प्रक्रियेत' असायचा, कधी 'प्रलंबित'. या दोन्हींत फरक काय, हे मला आजही कळलेलं नाही. आणि मग एकदम, भर मे महिन्यात, एक टेम्पो पॅनेल घेऊन शेतात आला.

सोबत फिटर होता. शहरातलाच, पन्नाशीचा, दाढीला मेंदी, डोक्याला ओला रुमाल. कामाला एकदम चोख माणूस. पाया आधीच भरून ठेवला होता. दोन दिवसांत त्यानं लोखंडी सांगाडा उभा केला, वर पॅनेल चढवले, कंट्रोलरचा डबा लावला. मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. चूक काढायला जागा मिळते का म्हणून सगळे नटबोल्ट मी हात लावून बघितले, आणि एकही ढिला सापडला नाही याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मग पूजा. आईनं पॅनेलच्या काचेवर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली. फिटर चुळबुळला. झेंडूची माळ घातली, तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, इसकी सावली पडती, करंट कम होता." आईनं माळ बाजूला सरकवली. आण्णा नारळ घेऊन काचेच्या कोपऱ्याकडं निघाले, तेव्हा मात्र तो मधे आडवाच झाला. "चाचा, काच पे नक्को!" नारळ शेवटी पायाच्या सिमेंटवर फुटला आणि खोबरं सगळ्यांना मिळालं.

"अब बस सरकारी ऐप पे फोटो चढाना," फिटर म्हणाला. "एकीच फोटो में चार चीजां दिखना. पॅनल, पाइप, पाइप में से गिरता पानी, और अम्मा का चेहरा."

आम्ही सगळ्यांनी विहिरीत डोकावलं. तळाला एक चेपलेली घागर होती, दोन कबुतरं होती, आणि माझ्या धाकट्या भावाची लहानपणी पडलेली चप्पल होती. पाणी नव्हतं. मे महिन्यात आमच्या भागात विहिरीला पाणी नसतं, ही काही आजची बातमी नाही.

"पाऊस पडल्यावर काढू फोटो," मी म्हटलं.

"महिने की आखरी तक नइ चढा तो सामान खोल के ले जाना पडता, ताई. अगले नंबर वाले को देते. और मैं यहां फिर कब आऊं, मालूम नइ. आज-कल में करो."

म्हणजे मे महिन्यात ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं पाण्याची सोय मागावी, असा तो हिशेब होता. मी त्याला बरंच सुनावलं. त्यानं शांतपणे रुमाल पिळला आणि म्हणाला, "मेरे को कायकू बोलते? ऐप मैंने नइ बनाया." ते खरं होतं. ज्यानं बनवलं तो हाताला लागत नव्हता, म्हणून हा लागला.

आई एका बाजूला उभी राहून पॅनेलकडं बघत होती. तिचा चेहरा बघवेना. दोन वर्षं वाट बघून जे दारात आलं होतं, ते परत टेम्पोत चढताना तिला दिसायला लागलं होतं.

आण्णांना वाटलं, हे पुरुषाचं काम आहे. त्यांनी विकतचा टँकर बोलावला. गावच्या विहिरीत टँकर ओततातच, मग आपल्या विहिरीत का नको? टँकरवाल्यानं तीनदा विचारून घेतलं, "काका, हितंच ना? ह्या इहिरीत?" मग त्यानं पाइप सोडला. मोठा आवाज झाला, कबुतरं उडाली, आई हात जोडून उभी राहिली. टँकर रिकामा होईस्तोवर फिटर पंप दोरीनं खाली सोडून वर कंट्रोलरपाशी आला होता. आण्णांनी वाकून बघितलं आणि सरळ झाले.

"जिरलं," ते म्हणाले.

सगळं टँकरभर पाणी त्या तळानं पिऊन टाकलं होतं. भावाची चप्पल तेवढी थोडी पुढं सरकली होती. टँकरवाला म्हणाला, "आजून एक आणू का?" त्यावर आण्णा त्याच्याशी असं काही बोलले, की ते मला आईसमोर ऐकायला नको होतं.

इथं माझी अक्कल कामाला आली. मी म्हटलं, पंपाला विहीर लागत नाही, पाणी लागतं. आमच्या अंगणात हजार लिटरची काळी टाकी होती. गावात टँकर येईल त्या दिवशी ती भरून ठेवायची आणि आठवडाभर तेच पाणी प्यायचं, स्वैपाकाला घ्यायचं. ती आदल्याच दिवशी भरली होती. ती टाकी शेतात आणायची, पंप तिच्यात सोडायचा, वरून पाइप काढायचा आणि त्याच पाइपाचं तोंड परत टाकीवर धरायचं. पाणी पाइपातून बाहेर पडताना दिसेल आणि टाकीतच जाईल. थेंब वाया जायचा नाही.

"ये चीटिंग तो नइ?" फिटरनं विचारलं.

"पंप आमचा, पाणी आमचं, ऊन वरून फुकट. खोटं कशात आहे?" मी म्हटलं. अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं की लोकांचा दिवसभराचा माल लाल ट्रेमध्ये टाकणारी मी.

आईनं एकच अट घातली. "टाकी मोकळी घरी आली, तर फुडला टँकर येईस्तोवर चूल पेटायची नाय."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाणी घागरी-बादल्यांत उपसून टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली आणि परत भरली. गावातली सहा माणसं लागली. ओढा उतरताना पाणी उसळून बाहेर पडू नये म्हणून आई टाकीच्या झाकणावर बसून शेतापर्यंत आली. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "वहिनी, पाणी कुठं निघालं?" आई म्हणायची, "इहिरीकडं." लोक हातातली कामं टाकून मागं मागं यायचे. शेतात पोचेपर्यंत चांगली वरात झाली होती.

शेतात आधीच पाहुणे होते. आण्णांनी त्या आठवड्यात मेंढ्या बसवल्या होत्या. पेरणीच्या आधी मोकळ्या रानात मेंढ्यांचा कळप रात्री बसवायचा, लेंड्या-मुतानं रान खतावतं, आणि मेंढपाळाला धान्य द्यायचं, हा जुना दस्तूर आहे. मेंढपाळ मामा आणि त्यांची बायको, मामी, दरवर्षी यायचे. दीडेकशे मेंढ्या असतील. त्या दिवशी त्या सगळ्या डोकी एकमेकींत खुपसून नव्या पॅनेलखाली बसल्या होत्या, कारण बांधावरची एक बाभळ सोडली तर आमच्या शेतात तेवढीच काय ती सावली होती. सूर्यावर चालणाऱ्या यंत्राचा पहिला लाभ त्यांनी आधीच घेऊन टाकला होता. फिटर हैराण झाला. "फोटो में बकरे नक्को!" मामांना राग आला. मेंढ्यांना बकरे म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. तरी त्यांनी कळप हाकून बांधावरच्या बाभळीकडं नेला.

पंप टाकीत उतरला. पाइप बांधला. आईला उभं केलं. ती सवयीनं दोन पावलं मागं सरकली आणि आण्णा सवयीनं पुढं झाले, पाइपावर हात ठेवून, मिशीला पीळ देऊन. मोबाइलवर आलं, एकापेक्षा जास्त चेहरे.

"आण्णा, तुम्ही नको."

"मी नको? पाइप मी धरू नको?"

ते पॅनेलच्या मागं जाऊन उभे राहिले. खालून त्यांचे दोन पाय दिसत होते. अॅपला पायांचं काही नव्हतं, म्हणून राहू दिले.

मग चेहरा. आईचा पदर कपाळावर. पदर मागं घे, म्हटलं. वीस माणसांत तिनं तो बोटभर मागं घेतला. मग मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. माणूस जिवंत आहे की नुसता फोटो धरलाय, हे त्याला बघायचं असतं.

"काय म्हणतंय त्ये?"

"डोळे मिचकव, आई."

आईनं मोबाइल धरून उभ्या असलेल्या फिटरकडं बघितलं. त्यानं बिचाऱ्यानं मान खाली घातली. "परक्या माणसाम्होरं डोळं मिचकवू? ह्या वयात?" गर्दीत हशा झाला. पॅनेलमागून आण्णा ओरडले, "काय चाललंय तिकडं?" शेवटी मोबाइल मी हातात घेतला. तेव्हा कुठं आईनं माझ्याकडं बघून दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि उघडले. लहान मुलाला बुवा-कुक करून हसवावं तसा चेहरा झाला होता तिचा.

"चालू करो," मी फिटरला त्याच्याच भाषेत म्हटलं.

त्यानं बटन दाबलं. एक क्षण काही झालं नाही. मग पाइप थरथरला, खाकरला, आणि मनगटाएवढी धार बाहेर आली. आवाज नाही, धूर नाही, लाइटीची वाट बघणं नाही. नुसत्या उन्हानं पाणी उचललं होतं. पाणी आमच्याच टाकीतलं होतं, परत टाकीतच पडत होतं, सगळा बनाव मीच रचला होता, तरी मला रडू यायला लागलं, खरंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांमुळं मला मागचा आवाज ऐकू आला नाही.

मे महिन्यात भर दुपारी पडणाऱ्या पाण्याचा आवाज मेंढीला किती लांबून येतो, हे मला माहीत नव्हतं. मामांना होतं. ते काठी आडवी धरून "हुर्र, हुर्र" करत होते, पण दीडशे मेंढ्यांपुढं एक काठी काय करणार? त्या आल्या त्या सरळ. गर्दी फुटली. मोबाइलच्या पडद्यावर आधी आई, पॅनेल, पाइप आणि पाणी होतं. मग आई, पाणी आणि लोकर. मग नुसती लोकर. एका एडक्यानं पुढचे दोन पाय टाकीवर ठेवले, पाइपाला धडक बसली, पाइप सुटला आणि धार मोकळ्या मातीवर पडायला लागली.

"हाकला! हाकला रे!" आण्णा पॅनेलमागून धावत आले. मामी पदर खोचून मेंढ्यांत घुसली आणि दिसेल तिला रपाटे घालायला लागली. तिची लाजेनं वाईट अवस्था झाली होती. ते आमचं पिण्याचं पाणी आहे, हे तिला माहीत होतं.

आईनं सुटलेला पाइप दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता ती तो टाकीकडं वळवेल. तिनं तो खाली धरला, जमिनीपासून हातभर, मेंढ्यांच्या तोंडापाशी.

"मारू नगंस गं तिला," ती मामीला म्हणाली. "पिऊ दे. तहानल्याला हाकलत नसत्यात."

"आई! ते आपलं पाणी आहे!"

"मला कळतंय."

"आणि फोटो?"

"त्यो तू बघ."

माझा नुसता संताप झाला. दोन वर्षं, दोन रजा, एक टँकर, आणि ही बाई मेंढ्यांना पाणी पाजत उभी. मी जीव खाऊन ओरडले, "आई, इकडं बघ!" तिनं वर बघितलं. पदर खांद्यावर पडला होता, तोंडावर पाणी उडालं होतं, त्यानं तिचे डोळे आपोआप मिटले आणि उघडले. मी दाबलं. तेवढ्यात फिटर कंट्रोलरकडं झेपावला, कारण टाकी संपली होती आणि कोरडा पंप जळतो.

मोबाइलवर एक गोल बराच वेळ फिरत राहिला. मग हिरवी खूण आली. फोटो स्वीकारला.

पुढचा टँकर येईस्तोवर चूल मात्र पेटली. मामांनी त्यांच्या घोडीवर कॅन लादून शेजारच्या गावातून आम्हाला पाणी आणून दिलं, न मागता.

काही दिवसांनी एका कागदासाठी मी तालुक्याला गेले, तर तिथल्या एका कार्यालयात भिंतीवर मोठा फलक. त्यावर आई. हातात पाण्यानं भरलेला पाइप, भोवती तृप्त मेंढ्या, आणि खाली ठळक अक्षरांत 'बारमाही पाणी, समृद्ध पशुधन'. मी तो फलक माझ्या पद्धतीनं तपासला. आण्णा पळत पुढं आले होते, त्यांची अर्धी चप्पल कोपऱ्यात दिसत होती. बाकी माल निर्दोष होता. मी तो मनातल्या हिरव्या ट्रेमध्ये टाकला आणि घरी आले.

जुलैत विहिरीला पाणी आलं आणि पंप खऱ्या अर्थानं चालू झाला. सकाळी ऊन चढलं की आपोआप पाणी. आण्णा पहिले पंधरा दिवस खाट टाकून त्याच्यापुढं बसायचे, ढग आला की वर बघून शिव्या द्यायचे. रात्री जेवले की आडवे व्हायचे. ऑगस्टमध्ये मी सुट्टीला गेले तेव्हा त्यांचे गाल वर आले होते. भर दुपारी ओसरीवर डोळा लागला होता त्यांचा.

आई मात्र उतरली होती. डोळ्यांखाली काळं, हात मंद. ती मेथी निवडत होती, मी समोर बसले आणि नेहमीसारखी सुरू झाले. तुझ्या मनासारखं झालं ना? आता तरी स्वस्थ झोपावं माणसानं. डॉक्टरकडं जाऊ या.

"डाक्टर काय करंल?" ती म्हणाली. "झोपच येत नाय मला."

"आता कशाची काळजी? ते घरातच असतात की."

तिनं हातातली काडी खुडून बाजूला टाकली.

"ह्ये रातचं गेले ना, की मी दारात बसायची. तिकडं पोचून मोटर लावली की ह्ये इहिरीवरला बल्ब लावायचे. आपल्या दारातून दिसतो त्यो. बल्ब दिसला की म्हणायचं, पोचले, हायेत. मग पडायचं. सगळी उमर तशीच झोपले गं मी. आता अंधारात नुसतं पडायचं म्हणलं, तर कसं कळायचं?"

"मग काय करतेस?"

आईनं ओसरीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"रातचं दोन-तीनदा उठते. ह्यांच्या नाकाम्होरं हात धरते. हाताला वारं लागलं, की मग पडते."